दोन झाकणं

बायजाबाईने चितळीचं खोड पाटावर आडवं धरलं, अंगठ्याने डोळा चाचपला आणि कोयत्याचा एकच घाव घातला. बोटभर लांबीचा तुकडा सुटा झाला. त्याच्या दोन्ही टोकांना चुलीतली राख लावून तिने तो ओल्या वाळूत निजवला, डोळा वरच्या बाजूला येईल असा. चिकाने बोटं चुणचुणत होती. नव्या माणसाच्या हाताला त्या चिकाने फोड यायचे. बायजाबाईच्या हातांपुढे तीस वर्षांत चिकच थकला होता.

सहावा तुकडा वाळूत गेला तेव्हा घरातून कुकरची शिट्टी ऐकू आली. वाळूच्या पेट्यांना पाणी घालणारी धोंडूबाई थबकली. सकाळचे दहा वाजले होते आणि जेवण तर केव्हाच रांधून झालं होतं.

"बाटल्या शिजतायत," बायजाबाई म्हणाली. "सून माझी सुगरण हाय. काचेचं कालवण करते."

धोंडूबाई तोंडाला पदर लावून हसली. पंधरा वर्षं ती या पडवीत कामाला होती. कुठे हसायचं हे तिला बरोबर कळायचं.

पडवी घराच्या मागच्या अंगाला होती. वर उतरतं कौलारू छप्पर, तीन बाजूंना गोणपाटाचे पडदे, खाली वाळूच्या पेट्यांच्या रांगा. कोन गावच्या रस्त्यावरून जाणारे मोटारवाले हिला नर्सरी म्हणत. बायजाबाईला तो शब्द आवडत नसे. नवी नवरी असताना ती भाजीची पाटी घेऊन कल्याणला जायची, तेव्हा रेल्वेच्या साहेबाच्या बंगल्यामागे फेकलेलं एक कांडं तिने उचलून आणलं होतं. हिरव्या पानावर पांढरे ठिपके, चितळाच्या पाठीवर असतात तसे, म्हणून तिने त्याला चितळी नाव दिलं. पुढे क्रोटन आले, ड्रेसिना आले, नावं माहीत नसलेली कितीतरी आली. तिने लावलं आणि जगलं नाही असं झाड तिच्या बघण्यात नव्हतं. बायजाबाईच्या हाताला गुण आहे, असं भिवंडीपासून ठाण्यापर्यंत लोक म्हणायचे. ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि दिवसभर त्यावर जगायची.

हे एकाच माणसाने तिला कधी म्हटलं नव्हतं. तिचा नवरा, दाजी. तीस वर्षांत तो पडवीत आला असेल तो छत्री शोधायला.

शिट्टी थांबली आणि थोड्या वेळाने कमळ पडवीच्या दारात येऊन उभी राहिली. केसरीनाथाची बायको, लग्नाला दोन वर्षं झालेली. कल्याणच्या शाळेत आणि मग ठाण्याच्या कॉलेजात शिकलेली. तिथल्या सरांच्या प्रयोगशाळेत झाडाचा एवढासा कोंब घेऊन बाटलीत वाढवायचं काम तिने दोन वर्षं केलं होतं. सासरी येताना ट्रंकेत साड्यांच्या खाली तिने औषधाच्या बाटल्या आणल्या होत्या. घरातल्या कोपऱ्यातली खोली मागून घेऊन तिथे तिने फळ्या ठोकून घेतल्या, वर ट्यूबलाइट लावून घेतल्या, आणि काचेची एक पेटी बनवून घेतली. त्या पेटीत हात घालून ती स्पिरिटच्या दिव्यापाशी कोंब कापायची.

"आई, तुमच्या मोठ्या चितळीचा शेंडा हवा होता," कमळ म्हणाली.

मोठी चितळी पडवीच्या टोकाला होती, पुरुषभर उंचीची, एकाही पानाला डाग नसलेली. तिच्या बाजूलाच दुसरी होती, जरा पिवळी पडलेली. बायजाबाईने दोघींकडे पाहिलं. पिवळीचा शेंडा कापून द्यावा असं तिच्या मनात आलं, आणि कोयता हातात घेऊन ती तिकडे गेलीसुद्धा. पण खराब झाड तिच्या हातून कुणाच्या हातात कधी गेलं नव्हतं. कोयता आपसूक मोठीकडे वळला. शेंडा देताना तो कमळच्या हातात न देता तिने पाटावर ठेवला.

नंतर दिवसभर तिच्या जिवाची चरफड होत राहिली. दिलाच कशाला?

त्या शेंड्याचे नखाएवढे तुकडे बाटल्यांमध्ये गेले. अर्ध्याहून जास्त बाटल्यांत बुरशी धरली. कमळने त्या मुकाट्याने मागच्या दारी उकळून रिकाम्या केल्या, आणि बायजाबाईने त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. पण आठ बाटल्या तगल्या. चायना ग्रास घालून गोठवलेल्या खिरीसारख्या थरावर आठ हिरवे कोंब उभे राहिले. आणि मग दाजी त्या खोलीत जायला लागला.

रोज संध्याकाळी चहा झाला की तो चष्मा पुसायचा, स्टूल ओढायचा आणि बाटल्यांसमोर जाऊन बसायचा. कमळ काम करता करता त्याला सांगायची. या तपकिरी बाटलीतलं औषध कोंब फोडायचं, त्या पांढऱ्या बाटलीतलं मुळं सोडायचं. झाडाच्या अंगात दोन्ही असतातच. आपण बाहेरून थोडं देतो. पण थेंबाथेंबाने मोजून द्यायचं. जास्त झालं तर कोंब काचेसारखा होतो आणि मरतो. दाजी माना डोलवायचा. ज्या माणसाने लग्नानंतर बायकोला पाणी दे, जेवायला वाढ, यापलीकडे फारसं काही म्हटलं नव्हतं, तो सुनेला विचारत होता, रात्री दिवा घालवला तर कोंबाला कळतं का?

बायजाबाई भिंतीपलीकडे तांदूळ निवडत हे ऐकायची. सुपात खडे राहून जायचे.

एका रविवारी मुंबईच्या एका हॉटेलच्या बागेचा माणूस आला. त्याला चितळीच्या तीनशे कुंड्या हव्या होत्या, सगळ्या एका उंचीच्या, एका तोंडावळ्याच्या, पुढच्या दिवाळीनंतर. बायजाबाईने मान हलवली. कांडी कापून वर्षात चाळीस होतील, पन्नास होतील. तीनशे हा आकडा माणसाने बोलावा असा नव्हता. माणूस उठायला लागला तेव्हा कमळ आतून म्हणाली की बाटलीतून कदाचित होतील, सहा महिने द्या, सांगते.

त्या दिवशी जेवताना केसरीनाथाने विषय काढला. त्याचे भिवंडीत चार लूम होते. जे काही बोलायचं ते तो जेवतानाच बोलायचा, कारण नंतर त्याची शिफ्ट असे. तो म्हणाला की कमळचं हे जमलं तर कोपऱ्यातली खोली पुरायची नाही. पडवीला भिंती घालून घेऊ, वर पत्रा, आत सिमेंट, धूळ यायला नको. वाळूच्या पेट्या कुठेतरी मागे हलवता येतील. आणि नाही जमलं तर आहे तसं आहे.

बायजाबाईने दाजीकडे पाहिलं. तो माशाचे काटे काढत होता.

"जमंल," दाजी म्हणाला. "पोरगी लक्ष देऊन करते."

बायजाबाई ताटावरून उठली नाही. उरलेला भात तिने शेवटच्या शितापर्यंत खाल्ला.

फाल्गुनात कमळने कोंबांना नव्या बाटल्यांत घालायचं ठरवलं. सकाळी तिने मोठ्या पातेल्यात ते पाणी तयार केलं. साखर, चायना ग्रास, सात प्रकारचे क्षार, आणि शेवटी तपकिरी बाटलीतलं औषध, बारीक काचेच्या नळीने मोजून. वहीत लिहिलं. मग पाहिलं तर बाटल्यांच्या तोंडाला लावायचा कापूस संपला होता. पातेलं मंद चुलीवर ठेवून ती रस्त्यापलीकडच्या दुकानात गेली.

बायजाबाई स्वयंपाकघरात आली ती मीठ घ्यायला. खरोखर मीठच घ्यायला आली होती, हे ती पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिली. चुलीवर पातेलं होतं. शेजारी तपकिरी बाटली होती, झाकण सैल.

तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या होळीला घरात पाहुणे जेवायला होते. तिने बोंबलाचं कालवण केलं होतं. तिची सासू चुलीपाशी येऊन गेली, आणि पानं वाढल्यावर पाहुण्यांनी पहिला घास घेऊन पाण्याचे तांबे उचलले. सासू पाहुण्यांना म्हणाली होती, शिकेल हळूहळू. बायजाबाईने ते खारट कालवण नंतर तीन दिवस एकटीने संपवलं होतं, आणि ते कुणी खारट केलं हे तिला तेव्हाच कळलं होतं. पण आलेला राग तिने तीस वर्षं कुणावर काढला नव्हता.

तिने झाकण काढलं. झाकणात औषध ओतलं आणि ते पातेल्यात उपडं केलं. दुसरं झाकण भरलं, तेही टाकलं. मग थेट बाटलीच पातेल्यावर वाकवली, तेवढ्यात मागच्या दारातून धोंडूबाईने हाक मारली, "आक्का, पाइप सुटला गो!" बायजाबाईने झाकण लावलं, पळीने पातेलं एकदा ढवळलं, आणि पदराला हात पुसत बाहेर गेली. पाइप जोडताना पाणी तिच्या अंगावर उडालं. धोंडूबाई हसली, आणि बायजाबाई तिच्यावर इतकी खेकसली की तिने दुपारी भाकरी वेगळी बसून खाल्ली.

कमळ कापूस घेऊन आली. पातेलं उतरवलं, बाटल्या भरल्या, कुकरला लावल्या. शिट्ट्या झाल्या. काही कळायचं कारण नव्हतं. ते पाणी पाण्यासारखंच दिसत होतं.

पुढचे पाच आठवडे बायजाबाईचं लक्ष पडवीत नव्हतं. कांडी कापताना दोनदा डोळाच कापला गेला. रोज काहीतरी निमित्त काढून ती कोपऱ्यातल्या खोलीच्या दारावरून जायची आणि मान न वळवता आत बघायची. आज मरतील, उद्या मरतील. कोंब पिवळे पडले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात त्यांची वाढ थांबली, तेव्हा तिला बरं वाटलं. चौथ्या आठवड्यात बुडाशी गाठी दिसायला लागल्या, हिरव्या, मुगाच्या दाण्यांसारख्या.

पाचव्या आठवड्यात एका सकाळी कमळने दाजीला हाक मारली. तिचा आवाज असा कधी कुणी ऐकला नव्हता. केसरीनाथ रात्रपाळीवरून येऊन झोपला होता, तोही उठून आला. बायजाबाई सगळ्यांच्या मागे उभी राहिली. ट्यूबलाइटखाली एक बाटली धरून कमळ मोजत होती. अठरा. दुसरीत वीस. तिसरीत सतरा. जिथे एक कोंब घातला होता तिथे कोंबांचा झुबका उभा होता, आणि प्रत्येकाला तांदळाएवढी पानं.

"वीस!" दाजी म्हणाला. त्याने चष्मा काढून डोळे पुसले. "आमच्या घरात अशी पोर आली. काय हात हाय, काय हात हाय."

बायजाबाईच्या कानात ते शब्द उकळत्या तेलासारखे पडले. ती पडवीत आली. वाळूच्या पेटीपाशी बसली आणि एक धड रुजलेलं कांडं उपटून बघितलं. दीड महिन्यात त्याला एक डोळा फुटला होता.

सर आले, ठाण्याहून, बसने, धोतराला धूळ लावून घेत. एकेक बाटली त्यांनी उजेडाला धरून पाहिली. मग त्यांनी कमळची वही मागितली, आकडे उतरवून घेतले, आणि म्हणाले की या झाडात एवढे कोंब फुटलेले त्यांनी पाहिले नाहीत, ऐकलेही नाहीत. श्रावणात मुंबईला त्यांच्या मंडळींची सभा होती. तिथे हे कमळच्या नावाने वाचून दाखवू, त्याआधी आणखी दोन वेळा करून दाखव, एवढंच. दाजीने त्यांना बसपर्यंत पोचवलं. परत येताना तो वाटेत भेटेल त्याला सांगत आला.

कमळने दुसऱ्यांदा केलं. सहा आठवड्यांनी प्रत्येक बाटलीत एकच कोंब, कुठे दोन. तिसऱ्यांदा केलं, वहीत लिहिलेलं औषध दुप्पट करून केलं. तीन कोंब. ती साखर बदलून बघायची, कुकरच्या शिट्ट्या मोजायची, पाणी विहिरीचं की नळाचं हे आठवायची. मोठ्या चितळीचा आणखी एक शेंडा मागायला ती पडवीत आली तेव्हा तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. बायजाबाईने शेंडा दिला. या वेळी हातात दिला.

बायजाबाईला सुख व्हायला हवं होतं आणि थोडं होतही होतं. केसरीनाथ विटांचं नाव काढत नव्हता. हॉटेलवाल्याचं पत्र आलं होतं, त्याला उत्तर गेलं नव्हतं. पडवी जागेवर होती. तिने फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्याइतकं सोपं काम दुसरं नव्हतं. पण शेजारणी पाणवठ्यावर अजूनही त्या वीस कोंबांचंच बोलत होत्या. मधूनच तिच्या मनात यायचं की तो झुबका कमळच्या हाताने फुटला नव्हता. तो कुणाच्या हाताने फुटला हे सबंध कोन गावात एकट्या तिलाच माहीत होतं. तोंडात गूळ असावा आणि गिळता येऊ नये असं तिचं झालं.

सभेच्या आठ दिवस आधी सर पुन्हा आले. या वेळी ते पडवीत बसले, कारण कोपऱ्यातल्या खोलीत उकडत होतं. कमळने नव्या बाटल्या आणून दाखवल्या. केसरीनाथ उभा होता, दाजी खाटेवर. बायजाबाई वाळूच्या पेटीपाशी कांडी निजवत बसली होती, सरांकडे पाठ करून.

सर समजूतदार माणूस होते. त्यांनी वही पुन्हा वाचली आणि हळू आवाजात म्हणाले की त्या वेळी औषध जास्तच पडलं असणार. वहीत एक आणि पातेल्यात दुसरं. होतं असं, माणूस दमलेला असतो.

"मोजण्यात मी चुकत नाही, सर," कमळ म्हणाली.

"मग बाटलीत वीस कोंब कसे आले? वही खरी असली तर हे खोटं, नाहीतर हे खरं आणि वही खोटी. मी सभेत काय सांगू?"

कमळची मान खाली गेली नाही, पण वही तिने दोन्ही हातांनी छातीशी धरली. केसरीनाथ बायकोकडे बघत होता, आणि त्याच्या बघण्यात शंका होती. बायजाबाईने ते मान वळवून पाहिलं. चोरीचा आळ आलेली माणसं अशी उभी राहतात हे तिला ठाऊक होतं. खारट कालवणाची पानं पुढ्यात घेऊन ती स्वतः अशीच उभी राहिली होती.

तरीही ती गप्प बसली असती. तिने पुढचं कांडं उचललंही होतं. पण खाटेवरून दाजी बोलला.

"चुकू दे न्हायतर काय होऊ दे, सर. त्या दिवशी पोरीच्या हाताला गुण होता. असा गुण मी जन्मात बघितला न्हाय."

जन्मात बघितला नाही. बायजाबाईच्या हातातलं कांडं वाळूत उलटं पडलं.

"तिचा न्हाय," ती म्हणाली. "माझा."

सगळे तिच्याकडे वळले. ती उठली, गुडघ्यांवरची वाळू झाडली.

"तिनं मोजून घातलं होतं. ती गेली कापूस आणायला. तिच्या मागारी मी घातलं. त्या तपकिरी बाटलीतलं."

"तुम्ही?" सर खुर्चीतून पुढे झाले. "किती घातलंत?"

"दोन झाकणं."

सरांनी बाटली मागवली, झाकण हातात घेऊन त्यात पाणी ओतलं, नळीने ते मोजलं, आणि कागदावर काहीतरी करत राहिले. मग त्यांनी जोरात श्वास सोडला. एवढं, ते म्हणाले, एवढं घालायचं धाडस आमच्यापैकी कुणीही केलं नसतं. त्यांनी बायजाबाईकडे पाहिलं, मोठ्या चितळीकडे पाहावं तसं.

"बाई, तुम्हाला कशावरून वाटलं, की याला एवढं लागेल? झाडाकडे बघून कळलं?"

दाजी खाटेवर ताठ बसला होता आणि बायकोकडे बघत होता. चष्म्यातून, डोळे बारीक करून, रोज संध्याकाळी बाटल्यांकडे बघायचा तसा. तीस वर्षांत हे पहिल्यांदा. सर हातात देतच होते, फक्त हो म्हणायचं होतं. झाडाकडे बघून कळलं, एवढे तीन शब्द. सगळ्यांनी ते मानले असते.

एकटी कमळ सोडून. ती सासूकडे बघत होती आणि तिला काही विचारत नव्हती. तिला सगळं कळलं होतं. ती थांबली होती ते फक्त सासू काय म्हणते ते ऐकायला.

बायजाबाईने तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं.

"मरावीत म्हणून."

सर मोठ्याने हसले. काय विनोदी बोलतात तुमच्या सासूबाई, ते कमळला म्हणाले. केसरीनाथही सुटल्यासारखा हसला. दाजी हसला नाही. त्याने चष्मा काढला, घडी घालून खिशात ठेवला, आणि छत्री शोधायला म्हणून उठून घरात गेला. बाहेर चांगलं ऊन पडलं होतं.

सर गेल्यावर बायजाबाईने धोंडूबाईला बोलावलं आणि वाळूच्या पेट्या एकेक करून मागच्या आंब्याखाली हलवायला सुरुवात केली. केसरीनाथ म्हणाला, घाई काय, विटा आता सांगितल्या तरी यायला पंधरवडा लागेल. तिने ऐकलं नाही. कुणी सांगायच्या आधी तिला पडवी रिकामी करायची होती. मोठी चितळी दोघींनी मिळून उचलली, आणि ती जागची हलताना बायजाबाईने तोंड दुसरीकडे वळवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमळने तिला स्वयंपाकघरात बोलावलं. चुलीवर एक पातेलं होतं, ओट्यावर दुसरं. शेजारी वही उघडी होती आणि तपकिरी बाटली झाकणासकट ठेवलेली होती. कालपासून दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. कमळने सासूला पाट दिला नाही की बसा म्हटलं नाही.

"आता माझ्यासमोर घाला," ती म्हणाली.

बायजाबाईने झाकण भरलं. चुलीवरच्या पातेल्यात टाकलं. दुसरं भरलं. ते काठोकाठ होतं की थोडं कमी, हे आठवायला तिला वेळ लागला. थोडं ती परत बाटलीत सोडणार होती, मग सोडलं नाही. कमळने झाकण तिच्या हातातून घेतलं, मोजलं, लिहिलं.

"एवढंच?"

"तेवढ्यात धोंडूनं हाक मारली."

"नाहीतर किती घालणार होतात?"

बायजाबाईने सुनेकडे पाहिलं. विचारण्यात टोमणा नव्हता. पेन कागदावर टेकलेलं होतं.

"सगळी बाटली," बायजाबाई म्हणाली.

कमळने तेही लिहिलं. लिहून झाल्यावर तिने ओट्यावरचं दुसरं पातेलं सासूपुढे सरकवलं आणि तपकिरी बाटली तिच्या हातात दिली.

"मग यात तेवढं घाला. बघू काय होतं."

बाटली अर्धीअधिक भरलेली होती. बायजाबाईने ती पातेल्यावर वाकवली. औषध बाटलीच्या मानेपर्यंत आलं. तिथेच तिने हात थांबवला.

"मरतील ना गो सगळी," ती म्हणाली.

कमळ पेन धरून तशीच उभी होती.